ब्रेक दाबला की हिरवा बाण का पेटतो?

ब्रेकवर पाय ठेवला की डॅशबोर्डवरचा डाव्या इंडिकेटरचा हिरवा बाण मंद पेटायचा. पाय काढला की विझायचा. डावा इंडिकेटर दिला की तो नेहमीपेक्षा भराभर टिकटिकायचा, आणि त्याच वेळी मागे उजव्या बाजूचा ब्रेकलाइट लुकलुकायचा. ही शेवटची गोष्ट आमच्या सोसायटीच्या वॉचमनने सांगितली, कारण गाडीत बसलेल्याला ती दिसतच नाही. म्हणजे मी डावीकडे वळते आहे असं मला वाटत होतं, आणि मागून येणाऱ्याला भलतंच काहीतरी दिसत होतं. मुंबईच्या पावसात, जिथे काचेतून पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसतात, तिथे हे चालवून घेण्यासारखं नव्हतं.

गाडी २००८ सालची, पेट्रोलवरची लहान हॅचबॅक. बाबांनी घेतलेली, आता मी वापरते. आम्ही माहीमला राहतो, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि गाडी वर्षभर उघड्या कंपाउंडात उभी असते. २०२३ मध्ये तिला १५ वर्षं पुरी होत होती. म्हणजे रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आलं. एप्रिल २०२२ पासून कारसाठी त्याची फी ५,००० रुपये झाली होती, शिवाय पर्यावरण कर, आणि गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. दिवे, हॉर्न, वायपर सगळं चालू हवं. त्या निमित्ताने मी ठरवलं की गाडीतल्या विजेच्या बारीकसारीक तक्रारी एकदा मुळापासून बघायच्या. यादी बरीच होती: हा बाण, शनिवारपर्यंत उतरणारी बॅटरी, मिणमिणते हेडलाइट, बंद पडलेला नंबरप्लेटचा दिवा आणि मागचा वायपर, अधूनमधून गप्प बसणारा हॉर्न.

दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. एकाने कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे स्टीअरिंगपाशी दिवे-इंडिकेटर चालू करायची दांडी, बदला म्हणून सांगितलं. दुसऱ्याने बॉनेट उघडून, दोनचार वायरी हलवून पूर्ण वायरिंग नवीन टाकायचा खर्च सांगितला. तो आकडा ऐकून बाबा म्हणाले, ‘‘एवढ्यात गाडीच विकून टाक.’’ मला खटकत होतं ते एवढंच की दोघांपैकी कोणीही मीटर लावला नव्हता. काहीही न मोजता भाग बदलायचा ही पद्धत मला पटत नाही. जुन्या गाड्या भंगारात निघतात त्या पुष्कळदा याच कारणाने: तक्रार शंभर रुपयांची असते आणि उपाय पंचवीस हजारांचा सांगितला जातो.

मग एका मैत्रिणीने सेनापती बापट मार्गालगतच्या गल्लीतल्या काकांचं नाव सुचवलं. साताऱ्याकडचे, सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला ते अजून डायनामोच म्हणतात. त्यांनी मला ब्रेक दाबायला लावलं, इंडिकेटर द्यायला लावला, मागे जाऊन उभे राहिले आणि मिनिटभरात परत आले.

‘‘ताई, डाव्या मागच्या दिव्याला अर्थिंग मिळत नाही. करंट जातोय बरोबर, पण त्याला परत यायला वाट नाही. मग तो शेजाऱ्याच्या घरातून बाहेर पडतोय.’’

‘‘मी स्वतः केलं तर चालेल?’’

‘‘का नाही चालणार? बारा व्होल्ट आहे, शॉक बसत नाही. फक्त बॅटरीचा मायनस काढल्याशिवाय पाना लावायचा नाही. पान्याने प्लस आणि बॉडी एक झाली तर पाना लाल होतो. आणि पिवळी सॉकेटं दिसली तर त्यांना हात लावायचा नाही, ती एअरबॅगची. अडलं तर फोन करा.’’

त्यांचं ते शेजाऱ्याचं घर मी नंतर कागदावर काढून बघितलं, आणि सगळं लख्ख झालं. गाडीत दिव्याकडे जाणारी वायर असते; परत येणारी वायर बॅटरीपर्यंत ओढलेली नसते. बॅटरीचा मायनस जाड केबलने बॉडीला आणि इंजिनला जोडलेला असतो, आणि सगळा पत्रा हीच परतीची वाट. मागच्या दिव्यांपाशी एक काळी वायर येते आणि पत्र्यावर बोल्टने कसलेली असते. डाव्या बाजूचे ब्रेक, पार्किंग, इंडिकेटर आणि रिव्हर्स या सगळ्यांचा मिळून तो एकच बोल्ट. तो सांधा खराब झाला की ब्रेकचा करंट २१ वॅटच्या फिलामेंटमधून उतरतो, खाली वाट बंद, म्हणून शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा चढतो, इंडिकेटरच्या वायरने पुढे जातो आणि पुढच्या डाव्या इंडिकेटरमधून, डॅशबोर्डवरच्या बाणातून पत्र्याला जाऊन मिळतो. म्हणून ब्रेक दाबला की बाण. इंडिकेटर दिला की हाच प्रवास उलट दिशेने: मागच्या इंडिकेटरमधून ब्रेकच्या फिलामेंटमध्ये, तिथून ब्रेकच्या वायरीत, आणि उजव्या ब्रेकलाइटमधून बाहेर. आणि दोन फिलामेंट एकापुढे एक आल्यामुळे करंट कमी वाहतो. इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं बल्ब गेलाय, म्हणून तो भराभर टिकटिकतो. बल्ब गेल्याची खूण म्हणूनच तो वेग ठेवलेला असतो. दोन्ही गॅरेजवाल्यांनी पाहिलेल्या वेगवेगळ्या तीन तक्रारी म्हणजे एकच सैल बोल्ट होता.

सामान आणायला लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर आता डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून विचाराल तर सगळे लॅमिंग्टन रोडच सांगतात. दहा अँपिअरचं वेगळं छिद्र असलेला डिजिटल मल्टिमीटर, क्रिम्पिंगची, म्हणजे थिंबल वायरीवर दाबून बसवायची पक्कड, कल्हईचे तांब्याचे थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी, बोल्टखाली कसायची कडी), गरम केली की आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह, आणि अडीच चौरस मिलिमीटरची लाल-काळी वायर मीटरच्या भावाने. रिले, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, आणि त्यांचे बेस ऑपेरा हाउसच्या बाजूला मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांतून. टेस्ट लॅम्प काकांनीच दिला: जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यात बसवलेला लहान बल्ब, एक टोक टोकदार, दुसऱ्याला चिमटा. तो फार कामाचा आहे, कारण मीटर व्होल्ट दाखवतो पण टेस्ट लॅम्प खरोखरचा करंट ओढून बघतो. फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरींवर तो लावायचा नाही, तिथे एवढा करंट ओढला तर आतला भाग जळू शकतो. तिथे मीटरच.

अर्थिंग तपासताना एक गोष्ट काकांनी आधीच बजावली होती, आणि ती सांगितली नसती तर दिवसभर गोंधळ झाला असता. मीटरवर बीप वाजवून बघायची सोय असते: दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजतो. मी बल्बच्या होल्डरची काळी वायर आणि पत्रा यांच्यामध्ये टोकं लावली, आणि बीप खणखणीत वाजला. पण तो बीप फसवा. थंड असताना २१ वॅटच्या फिलामेंटचा रोध एका ओहमच्याही खाली असतो, पेटल्यावर तो सातच्या आसपास जातो. म्हणजे मीटरचा तो इवलासा करंट काळ्या वायरीतून न जाता मागच्या इंडिकेटरच्या, मग पुढच्या इंडिकेटरच्या थंड फिलामेंटमधून पत्र्याला पोहोचत होता, आणि मीटर सांगत होता की सगळं ठीक आहे. सगळे बल्ब काढून बीप घेतला तेव्हा तो वाजला नाही.

याहून चांगली रीत म्हणजे दिवा चालू ठेवून मोजायचं. भाच्याला ब्रेकवर बसवलं. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळं टोक डिकीतल्या सीटबेल्टच्या चकचकीत बोल्टवर, लाल टोक होल्डरच्या अर्थच्या पिनवर. अर्थिंग चांगलं असेल तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं, ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट. आले सहाच्या आसपास. बॅटरीच्या दाबापैकी निम्मा दाब त्या एका सांध्यात अडकून बसला होता.

‘‘मावशी, बाण पेटला!’’ भाचा आतून ओरडला. त्याला सांगितलं, आता तुझ्या डोळ्यांसमोर तो जाईल.

मी मीटर तसाच ठेवून वायरीचा एक तुकडा होल्डरच्या अर्थपासून थेट सीटबेल्टच्या बोल्टला टेकवला. मीटर शून्यावर आला, ब्रेकलाइट लालभडक झाला आणि आतून आवाज आला, ‘‘गेला!’’ काही उघडायच्या, काही बदलायच्या आधी निदान पक्कं झालं होतं. या क्षणासाठी हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

मूळ बोल्ट डिकीच्या डाव्या बाजूला, प्लास्टिकच्या कव्हरमागे निघाला. दहा नंबरचा पाना लागला. बोल्ट सहज फिरला, म्हणजे तो कसलेला राहिलाच नव्हता. थिंबल उचललं तर खाली पत्र्यावर गंजाचं तपकिरी वर्तुळ आणि थिंबलच्या पोटात पांढरट हिरवी भुकटी, बोटाला लागली तर खारट वासाची. वरून टेललॅम्पचं गॅस्केट कडक होऊन फाटलं होतं आणि पावसाचं पाणी कव्हरमागून ओघळत नेमकं त्या बोल्टवर येत होतं. भिंतीवर पागोळीचा डाग पडतो तसा पत्र्यावर त्याचा माग उमटला होता. वायरीचं टोक सोललं तर आतलं तांबं काळं पडलेलं. मी मागे मागे सोलत गेले. साधारण वीतभर मागे गेल्यावर तांबं चकाकलं. अशा काळ्या तांब्यावर नवीन थिंबल दाबलं तर काही महिन्यांत तीच तक्रार परत येते, म्हणून तेवढा तुकडा कापून नवीन वायर जोडली, कल्हईचं थिंबल दाबलं, वर स्लीव्ह आवळली. पत्रा पॉलिश पेपरने घासून चांदीसारखा केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसला आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला. क्रम हाच: आधी धातूला धातू भिडू द्यायचा, जेली नंतर वरून. टेललॅम्पला नवीन गॅस्केट घातलं. ते नसतं घातलं तर पुढच्या जुलैत पुन्हा तिथेच बसले असते.

परत मोजलं: ०.०४ व्होल्ट.

मग बॅटरी. आठवडाभर मी लोकलने जाते, गाडी शनिवार-रविवारी निघते. सोमवारी ठीक असलेली बॅटरी गुरुवारपर्यंत एवढी उतरायची की किल्ली फिरवल्यावर सेल्फ नुसता कटकट करायचा. बाबांनी बॅटरी नवीन घेतली होती तरी तेच. आधी चार्जिंग तपासलं. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट. म्हणजे डायनामो आपलं काम करत होता. याचा अर्थ गाडी उभी असताना कोणीतरी करंट पीत होतं.

हे मोजायला मीटर मालिकेत लावावा लागतो. मीटरचं लाल टोक दहा अँपिअरच्या छिद्रात, बॅटरीचा मायनस काढायचा, आणि मायनसची केबल व बॅटरीचा खांब यांच्यामध्ये मीटर जोडायचा. किल्ली बाहेर, दारं बंद, काच उघडी ठेवायची, नाहीतर लॉक झाल्यावर पंचाईत. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज क्षणात जातो. मीटर लावल्या लावल्या जो आकडा येतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही. गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांना झोपायला वेळ लागतो, अर्धा तास सहज. मी डबा खाऊन आले.

आकडा ०.४५ वर स्थिर होता. चांगल्या गाडीत तो ०.०५ च्या आत हवा, म्हणजे ५० मिलिअँपिअर. ०.४५ गुणिले २४ म्हणजे दिवसाला जवळपास ११ अँपिअर-तास. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. तीन दिवसांत रिकामी. गुरुवारचं कोडं तिथेच सुटलं.

आता कोण पितंय ते शोधायचं. नेहमीची रीत म्हणजे एकेक फ्यूज काढायचा आणि मीटरकडे बघायचं. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या वाटेवर चोर. मी आतल्या पेटीतले सगळे फ्यूज काढून परत लावले, बॉनेटखालचेही काढले. आकडा हलला नाही. दोन पेट्या मोकळ्या झाल्या तरी ०.४५! काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘मग पेटीतून जातच नसेल. बॅटरीच्या प्लसला नंतर कोणी काय जोडलंय ते बघा.’’

प्लसच्या टर्मिनलवर कंपनीच्या केबलखाली एक जाड लाल वायर दडलेली होती. थोड्या अंतरावर तिच्यात प्लास्टिकचा फ्यूज होल्डर, पुढे ती फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि गाडीचा आतला भाग यांच्यामधल्या पत्र्याच्या, भोकातून आत, गालिच्याखालून ड्रायव्हरच्या सीटखाली. तिथे ॲम्प्लिफायर. बाबांनी कधीकाळी हौसेने स्टिरिओबरोबर बसवून घेतलेला, जुनी नाट्यगीतं ऐकायला. मी सीटखाली हात घातला तर बंद असलेल्या गाडीत ती पेटी कोमट होती. होल्डरमधला फ्यूज काढला आणि मीटर ०.०३ वर आला.

ॲम्प्लिफायरला एक निळी बारीक वायर असते. स्टिरिओ चालू झाला की त्या वायरीवर बारा व्होल्ट येतात आणि ॲम्प्लिफायर जागा होतो; स्टिरिओ बंद, तोही बंद. स्टिरिओच्या मागे पिवळी वायर कायमच्या करंटची असते, घड्याळ आणि स्टेशनांची आठवण राहावी म्हणून, लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी, काळी अर्थची. आमच्या गाडीत निळी वायर पिवळीला जोडलेली होती. वरून छान टेप गुंडाळलेली. म्हणजे ॲम्प्लिफायर बसवल्या दिवसापासून अखंड जागा होता. निळी निळीला जोडली. बाबांची नाट्यगीतं पूर्वीसारखीच वाजतात, आणि आता बॅटरी दोन आठवडे उभ्या गाडीतही १२.४ च्या खाली जात नाही. चांगली भरलेली बॅटरी उभ्या स्थितीत १२.६ दाखवते, १२.० दाखवली तर ती जवळजवळ संपलीच म्हणायची. मधल्या या अर्ध्या व्होल्टात सगळा संसार आहे, म्हणून काट्याचा मीटर इथे उपयोगाचा नाही.

हेडलाइटचं काम मला सगळ्यात समाधान देऊन गेलं. लोक हेडलाइट मंद वाटला की जास्त वॅटचा बल्ब घालतात. साध्या एच-फोर बल्बचं प्रमाण ६०/५५ वॅट आहे, म्हणजे हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५. बाजारात १००/९० सुद्धा मिळतात. ते रस्त्यावर कायद्यात बसत नाहीत, समोरच्याचे डोळे दिपवतात आणि होल्डर वितळवतात, कारण करंट दीडपटीहून जास्त होतो आणि वायर तीच राहते. फ्यूजचंही तसंच आहे. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लाल सारखा उडतो म्हणून हिरवा घालणारे बघितले की माझा जीव वर-खाली होतो. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. मोठा फ्यूज घातला की मग वायर स्वतःच फ्यूज होते, आणि ती गालिच्याखाली जळते.

मी बल्बपाशी मोजलं. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीवर १४.१, बल्बच्या सॉकेटवर ११.९. दोन व्होल्टांहून जास्त वाटेत हरवत होते. मग वाटणी केली: प्लसकडच्या वाटेवर १.४, अर्थकडे ०.८. अर्थचा बोल्ट पुढच्या पत्र्यावर, डाव्या दिव्यामागे. त्याचीही गत मागच्यासारखीच, आणि उपायही तोच. प्लसकडचं मात्र जुनं दुखणं. या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून स्टीअरिंगच्या दांड्यातल्या स्विचपर्यंत येतो आणि तिथून परत पुढे जातो. दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर, आणि पंधरा वर्षं तेच कॉन्टॅक्ट.

इथे रिले लावला. लो बीमला एक, हाय बीमला एक. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात आणि ते बहुतेक ठिकाणी सारखेच: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून दिव्याकडे जातो. बॅटरीपासून २० अँपिअरचा फ्यूज, मग अडीच चौरस मिलिमीटरची वायर ३० ला, ८७ वरून दोन्ही बल्बांना. स्विचकडून येणारी जुनी वायर फक्त कॉइलला दिली, तिला आता पाव अँपिअरही वाहावा लागत नाही. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, म्हणजे मधे कुठे वायर घासली तरी तो आधी उडेल. रिले पाय खाली करून लावले, पाणी साचू नये म्हणून.

बल्बवर १३.५ व्होल्ट आले. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतो; ११.९ वर तो १३.५ च्या मानाने साधारण एक तृतीयांश कमी असतो. बल्ब जुनेच, काचही जुनीच. त्या रात्री बाबांना घेऊन माहीम कॉजवेवरून वांद्र्यापर्यंत जाऊन आले. ते म्हणाले, ‘‘नवीन घेतली होती तेव्हा असा उजेड होता.’’

नंबरप्लेटचा दिवा आणि मागचा वायपर एकाच दिवशी बंद पडले होते, त्यावरूनच जागा कळली. हॅचबॅकच्या डिकीचं दार उघडतं-मिटतं तिथे रबराची नळी असते आणि सगळ्या वायरी तिच्यातून जातात. वर्षानुवर्षं वाकून वाकून वायर आतल्या आत तुटते, वरचं आवरण मात्र अखंड दिसतं. नळी सरकवून एकेक वायर हलकेच ओढून बघितली. तुटलेली वायर चुइंगमसारखी ताणली जाते, साबूत वायर ताणली जात नाही. तीन निघाल्या. त्यातली एक काळी. तिथे अनेक बारीक तारांची लवचिक वायर जोडायची आणि सांधे नळीच्या दोन्ही बाजूंना, न वाकणाऱ्या भागात घ्यायचे. सोल्डरचा डाग द्यायचा मोह होतो, पण डाग दिलेली वायर कडक होते आणि त्याच्या कडेला पुन्हा तुटते, म्हणून क्रिम्पच. एका वेळी एकच वायर कापायची, म्हणजे रंगांचा घोळ होत नाही.

हॉर्नचा ब्रॅकेट गंजला होता, तो घासून बसवला. डाव्या खिडकीची काच रखडत वर यायची तीही मी विजेच्या यादीत धरली होती. मोटरपाशी पुरे बारा व्होल्ट मिळाले, तेव्हा रबराच्या खाचा पुसून सिलिकॉन मारला आणि काच सरसर चढली. बॉनेटखाली एका जागी उंदरांनी वायर कुरतडली होती, सुदैवाने वॉशरच्या मोटरची. तिथे जाळीदार स्लीव्ह घातली. पावसाळ्यात गाडी चार दिवस हलली नाही की मी आता बॉनेट उघडून बघते.

एवढ्यानंतर काकांकडे गाडी नेली. त्यांनी रिलेची वायर कुठून आणली ते बोट फिरवत बघितलं, एका ठिकाणी ती रेडिएटरच्या पत्र्याला घासत होती तिथे अजून एक क्लिप लावायला सांगितली, आणि मागचा बोल्ट ओढून बघितला. पैसे घ्यायला तयार नव्हते. शेवटी इंजिन आणि बॉडीमधली अर्थची जाड पट्टी त्यांच्याकडून बदलून घेतली. सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टच्या वर येत होते, आणि त्या केबलला जे दाबण्याचं यंत्र लागतं ते त्यांच्याकडेच होतं. आता सेल्फ पहिल्या फटक्यात घेतो.

ताडदेवच्या आरटीओत तपासणी झाली. पुढे, मागे, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, चेसिस नंबर. पाच वर्षांचं नूतनीकरण मिळालं.

एक गोष्ट राहिली आहे. पेट्रोलचा काटा वळणावर कधी कधी शून्यावर पडतो आणि परत वर येतो. डॅशबोर्डकडची वायर तपासली, ती ठीक आहे. टाकीवरच्या सॉकेटपाशी तिची टोकं जोडली तर काटा स्थिर राहतो. म्हणजे टाकीतल्या तरंग्याच्या पट्टीवर कॉन्टॅक्ट झिजलाय. तिथे पेट्रोलची वाफ असते, ठिणगी पडली तर संपलं, त्यामुळे ते काम मी घरी करणार नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, ‘‘गणपती झाले की आणा. पण येताना टाकी भरून आणू नका, रिझर्व्हच्या जवळ असू दे, उतरवायला सोपी जाते.’’